टाकीतला समुद्र कोणाच्या जिवावर?

इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर ओहोटीला खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या खळग्यांमध्ये समुद्रफुलं, लहान प्रवाळ, शैवाल आणि खेकडे यांची दाटी असे. फिलिप हेन्री गॉस या निसर्ग अभ्यासकाने त्यांना जीव लावला. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, त्यातले समुद्री जीव पुरवण्यात गॉसचा मोठा हात होता. पुढच्याच वर्षी त्याचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि घरात समुद्र ठेवण्याची लाट इंग्लंडभर पसरली. माणसं बरण्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर उतरली. पुढे काय झालं ते गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली 'फादर अँड सन' या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. वडिलांच्या लिखाणाने जागी झालेली हौशी संग्राहकांची फौज वर्षानुवर्षं येत राहिली, खळगे ओरबाडले गेले, आणि या नासाडीचं दुःख खुद्द वडिलांना होतं.

खाऱ्या पाण्याच्या टाकीचा विषय निघाला की मला हा इतिहास सगळ्यात आधी सांगावासा वाटतो. डेव्हनला आलेल्या त्या माणसांना समुद्राविषयी द्वेष नव्हता, त्यांना तो आवडत होता. प्रत्येकाने नेलं ते थोडंच. 'एका समुद्रफुलाने काय होतंय' हा त्यांचा हिशेब एकेकट्याच्या पातळीवर बरोबरही होता.

मी स्वतः ठाण्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतो आणि या छंदाचं समर्थन करतो. पण ते एका अटीवर. टाकीने समुद्राकडून जे घेतलं, त्याहून जास्त तिच्यातून बाहेर आलं पाहिजे. पिल्लं, कलमं, नोंदी, शिकलेली माणसं, काहीही असो, ते बाहेर आलं पाहिजे. जी टाकी फक्त घेत राहते ती कितीही सुंदर दिसली तरी समुद्राच्या जिवावर चाललेली असते.

गोड्या पाण्यातल्या शोभेच्या माशांच्या बाबतीत हा प्रश्न इतका टोकदार नाही. गप्पी, मोली, एंजल, गोल्डफिश हे बहुतेक तळ्यांत नाहीतर हौदांत पैदास केलेले असतात. समुद्री माशांचं उलट आहे. दुकानात दिसणारे बहुसंख्य मासे कुठल्यातरी प्रवाळ खडकावरून पकडून आणलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००३ च्या अहवालाने या जागतिक व्यापाराचा अंदाज दिला होता: वर्षाला २ ते २.४ कोटी मासे, १४७१ जातींचे, शिवाय प्रवाळांचे एक कोटीहून अधिक तुकडे. आकडा जुना आहे, पण यावरून व्याप कळतो. पकडण्याची रीतही लक्षात घ्यायला हवी. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून सायनाइडचा वापर सुरू झाला. पाणबुड्या प्लास्टिकच्या बाटलीतून सोडियम सायनाइडचं पाणी खडकाच्या कपारीत फवारतो, मासा गुंगतो आणि हाताने उचलता येतो. ज्या प्रवाळावर ते पाणी पडतं त्याचा तुकडाही त्या ठिकाणी मरतो. असा मासा दुकानात पोहतो, खातो, ग्राहकाच्या घरी येतो आणि कधीकधी काही आठवड्यांत विनाकारण मेल्यासारखा मरतो. घरच्यांना वाटतं, आपलं पाणी चुकलं.

पाणी चुकतंही, आणि माझ्या मते या छंदातला खरा विनाश तिथेच होतो. त्याविषयी जरा सविस्तर बोलायला हवं.

आपल्याकडे हमखास विचारतात, समुद्र दारात असताना पाणी विकत घेतल्यासारखं बनवायचं कशाला? मुंबईच्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी आहे, तेलाचा तवंग आहे, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांचं गोडं पाणी मिसळून त्याचा खारेपणा उतरतो. म्हणून पुढचा प्रश्न येतो, मग मिठागरातलं मीठ घ्या की! तेही चालत नाही, आणि का चालत नाही हे समजलं की समुद्राचं पाणी म्हणजे काय ते समजतं. मिठागरात पाणी आटत जातं तेव्हा कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात. मग मीठ धरतं. मॅग्नेशियम मोठ्या प्रमाणात मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतं आणि ते पाणी टाकून दिलं जातं. हाती येतं ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. ते परत पाण्यात विरघळवलं तर पाणी खारट होतं, समुद्र होत नाही. प्रवाळाला सांगाडा बांधायला लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागतं, शिवाय पाण्याची आम्लता तोलून धरणारे कार्बोनेट क्षार लागतात. म्हणून सगळे क्षार मोजून घातलेलं तयार सॉल्ट मिक्स आणावं लागतं, तेही आरओ-डीआय, म्हणजे विरघळलेले क्षार काढून टाकलेल्या, पाण्यात कालवून. दोनशे लिटरच्या टाकीला पहिल्या भरणीलाच सात किलोंच्या वर लागतं. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मात्र आतच राहतं. म्हणून रोजची तूट खाऱ्या पाण्याने भरायची नसते, गोड्याने भरायची. नवशिके इथे गोंधळतात आणि महिन्याभरात टाकी समुद्रापेक्षा खारट करून बसतात.

एवढं जमलं तरी मासा सोडायची वेळ झालेली नसते. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू खडकाच्या बारीक छिद्रांत, वाळूत हळूहळू वस्ती करतात. टाकी ठेवणारे याला 'सायकल होणं' म्हणतात. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत बघण्यासारखं काही नसतं. मग काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर धरतो, तो ओसरला की हिरवं केसाळ शेवाळ येतं, आणि काही महिन्यांनी खडकावर जांभळट-गुलाबी कवचासारखे ठिपके उमटतात. ते चुनखडी शैवाल. ते दिसलं की समजावं, पाणी ठरायला लागलं आहे.

बाजाराला हे चार-सहा आठवडे परवडत नाहीत. ग्राहकाने टाकी घेतली तो शनिवार, रविवारी त्याची मुलं घरी असतात. दुकानदार बाटलीतले जिवाणू देतो आणि सांगतो, "दादा, पाणी भरलंय ना, मग टाका दोन मासे, काही होत नाही." अमोनियाने कल्ले जळतात, मासे मरतात, ग्राहक पुन्हा जातो आणि दुकानदार दुसरे देतो. या दुसऱ्या माशाकडे मला लोकांचं लक्ष वेधायचं आहे. तो कुठल्या तरी खडकावरून निघाला, कारण पहिला अधीरपणामुळे मेला. घरात धीर धरणं हा आपल्याला वैयक्तिक स्वभावाचा प्रश्न वाटतो. समुद्रातून किती मासे उपसले जातील हे मात्र त्या धीरावर ठरतं. सायनाइडविरुद्ध निषेध करणारा हौशी माणूस स्वतःची टाकी पिकायला दोन महिने देत नसेल, तर त्याच्या निषेधाला मी फार किंमत देणार नाही.

यंत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण लोक बोलतात ते बहुतेक यंत्रांबद्दलच. प्रोटीन स्किमर बारीक बुडबुड्यांनी पाण्यातला सेंद्रिय मळ फेसाबरोबर वर ओढतो आणि वरच्या कपात कोऱ्या चहाच्या रंगाचं दुर्गंधी पाणी जमतं. ते एकदा नाकाजवळ नेलं की स्किमर का लागतो ते विचारावं लागत नाही. महाराष्ट्रात मे महिन्यात पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं तर चिलर हवाच. खाऱ्या आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून वीज गेली की काही तासांतच धोका सुरू होतो. बॅटरीवरचा हवापंप जवळ हवा, हे पहिल्याच दिवशी ध्यानात घ्यायचं. बाकी दिवे आणि पंप यांची चर्चा ज्यांना आवडते त्यांनी करावी. मला त्यात टाकीचं मर्म दिसत नाही.

आता भारतातला कायदा. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळे कठीण प्रवाळ, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि ऑर्गन पाइप प्रवाळ आले. समुद्री घोडेही आले. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच पोवळ्याच्या या भाऊबंदांना. मेलेला, वाळलेला, शोपीस म्हणून ठेवलेला तुकडाही यातून सुटत नाही. असं असताना शहरातल्या दुकानांत आणि फोनवरच्या व्यवहारांत 'फ्रॅग' म्हणून तुकडे विकले जातात, आणि घेणाऱ्या बऱ्याच जणांना आपण काय करतो आहोत याची कल्पनाही नसते.

टाकीवाल्यांच्या बैठकीत या कायद्याबद्दल तक्रार ऐकू येते. बाहेरच्या देशांत लोक घरी प्रवाळ वाढवतात, आम्हालाच बंदी का? तक्रारीत तथ्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. समुद्रातून तोडलेला तुकडा आणि टाकीत वाढवलेला तुकडा शेजारी ठेवले, तर नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. जोवर तुकड्याचं मूळ सिद्ध करायची सोय नाही, तोवर सूट दिली की तोडलेला माल वाढवलेल्याच्या नावाने विकला जाणार. कच्छच्या आखातात, मन्नारच्या आखातात, लक्षद्वीपला, अंदमानला आणि आपल्या मालवणला जे उरलं आहे ते या धोक्यासमोर टाकण्याइतकं मुबलक नाही.

मालवणचं नाव मुद्दाम घेतलं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये तिथे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर खोल समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथे सुमारे वीस मीटर खोलीपासून प्रवाळांची वस्ती आहे. खुद्द मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. २०२० मध्ये सागरी किनारा रस्त्याच्या कामात त्यांच्या १८ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवाव्या लागल्या. सगळ्या मिळून अर्धा चौरस मीटरसुद्धा भरत नव्हत्या, तरी त्यासाठी रीतसर परवानग्या लागल्या. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला जो नियम लागू होतो, तो दिवाणखान्यातल्या टाकीला लागू होऊ नये असं म्हणायला कारण काय?

मऊ प्रवाळांची काही कुळं त्या यादीत नाहीत, म्हणून ती चालतात असं दुकानदार सांगतात. कायद्याचं उत्तर तिथे संपत असेल. माझा प्रश्न तिथे संपत नाही. तो मऊ प्रवाळ कुठे वाढला? सांगता येत नसेल तर न घेतलेला बरा.

मग टाकीत राहतं काय? पुष्कळ काही, आणि या छंदाला न्याय देणारं काही. क्लाउनफिशचं बघा. मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास करून दाखवली. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने शोभेच्या समुद्री जीवांच्या पैदाशीचं केंद्र उभारून तिथल्या स्त्रियांना हे काम शिकवलं. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात वन विभागाच्या कांदळवन कक्षाने त्याच ब्युरोच्या मदतीने समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी सुरू केली. ठाणे खाडीच्या काठावर जन्मलेला क्लाउनफिश मिळू शकत असेल, तर इंडोनेशियाच्या खडकावरून पकडलेला का घ्यायचा?

पैदास केलेल्या जोडीने टाकीत अंडी घातली की काय होतं ते जवळून बघण्यासारखं असतं. क्लाउनफिशमध्ये गटातला सगळ्यात मोठा मासा मादी असतो. ती मेली तर नर मादी होतो आणि खालचा मासा नर होतो. मातीच्या कुंडीच्या उताराला दोघं तोंडाने घासून जागा स्वच्छ करतात, मादी तिथे एका ओळीशेजारी दुसरी अशी केशरी अंडी चिकटवत जाते. मग सगळी राखण नराची. तो शेपटीने आणि कल्ल्यांजवळच्या परांनी पाणी ढकलत राहतो, मेलेलं अंडं तोंडाने वेचून काढतो, काचेवर बोट नेलं तर अंगावर येतो. दिवसागणिक केशरी रंग उतरतो, अंडी करडी होतात, आणि आठवडा उलटता उलटता प्रत्येक अंड्यात दोन रुपेरी डोळे चमकायला लागतात. त्या रात्री किंवा पुढच्या, दिवे गेल्यावर अंधारात ती फुटतात. खरं काम तिथून पुढे. पिल्लांना सुरुवातीला रोटिफर नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव लागतात, रोटिफरांना सूक्ष्म शैवाल लागतं, म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्यावर हिरव्या पाण्याच्या बरण्यांची रांग लागते. पहिल्या दोनेक आठवड्यांत बरीच मरतात. जी तरतात त्यांच्या अंगावर डोक्याजवळचा पहिला पांढरा पट्टा उमटतो, आणि त्या क्षणी समुद्रातून उपसायचा एक मासा कमी झालेला असतो. मी या छंदाकडे ज्या अपेक्षेने बघतो ती हीच.

सगळ्या माशांचं इतकं सोपं नाही. बहुतेक समुद्री माशांची अंडी पाण्यात तरंगत जातात, पिल्लं अतिशय बारीक असतात आणि त्यांचं पहिलं अन्न शोधण्यातच वर्षं जातात. निळ्या टँगची, म्हणजे 'फाइंडिंग नीमो'मधल्या डोरीच्या जातीची, पहिली यशस्वी पैदास फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत २०१६ मध्ये झाली. उलट बांगाई कार्डिनल या माशाचा नर अंडी तोंडात बाळगतो आणि पुरती वाढलेली पिल्लं बाहेर सोडतो. त्याची पैदास घरीही होते. तरीही इंडोनेशियातल्या बांगाई बेटांवरून, जगात जिथे तो मूळचा सापडतो त्या एकमेव प्रदेशातून, तो इतका उपसला गेला की २००७ मध्ये धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. जो मासा घरात पैदा होतो, तोच समुद्रातून संपवत आणायचा, याहून वाईट उदाहरण या व्यापारात नसेल.

एक आक्षेप मनापासून घेतला जातो आणि त्याला मनापासून उत्तर द्यायला हवं: समुद्रातलं समुद्रात राहू द्या, काचेत कोंडू नका. ज्यांच्या मनात प्राण्याच्या वेदनेचा विचार आहे त्यांच्याशी मी भांडणार नाही. लायनफिश आणि मोठे टँग दोन फुटांच्या टाकीत ठेवण्याचं समर्थन कोणी करू नये. पण समुद्रात राहू द्या म्हणताना समुद्र जसा होता तसा राहिलेला आहे असं गृहीत धरलं जातं. उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या शरीरातलं शैवाल टाकून देतात, पांढरे पडतात आणि उपासमारीने मरतात. १९९८, २०१०, २०१६, आणि एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेली चौथी जागतिक लाट, या सगळ्यांत हेच झालं. या संकटात उपयोगी पडणारं बरंचसं तंत्र टाकीवाल्यांकडून आलं आहे. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवून दाखवली. बर्लिनच्या डीट्रिख श्ट्यूबर यांनी खडकावर आलेला अ‍ॅक्रोपोरा या प्रवाळाचा एक तुकडा वाढवला आणि त्याची कलमं करून इतरांना वाटत राहिले. त्या प्रवाळाचे वंशज आजही युरोप-अमेरिकेतल्या टाक्यांत आहेत. पुढे लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी टाकीवर ऋतू आणि चंद्रकला हुबेहूब उतरवून प्रवाळांचं प्रजनन घडवलं आणि २०१७ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमने त्यांच्याच साथीने २०१९ मध्ये खांब प्रवाळाचं बीजांडन प्रयोगशाळेत घडवलं, आणि रोगाने समुद्रातून नाहीसा होत चाललेल्या त्या जातीची नवी पिढी हाती आली.

यावरून दिवाणखान्यातली प्रत्येक टाकी समुद्र वाचवते असं मी म्हणत नाही. बहुतेक टाक्या काहीच वाचवत नाहीत. श्ट्यूबरनी वाटलं म्हणून त्यांचं नाव राहिलं, नुसतं साठवलं असतं तर ती एक चांगली टाकी होती एवढंच राहिलं असतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे पुण्याच्या भावनेने केली जाते. घर बदललं, टाकी मोडली, की मासे समुद्रात सोडून देतात. हे करू नये. अटलांटिकमध्ये लायनफिशचा मागमूस नव्हता. १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळ तो पहिल्यांदा दिसला, बहुधा टाकीतून सुटलेला, आणि आज कॅरिबियन खडकांवरचे लहान मासे तो फस्त करतो आहे. भूमध्य समुद्रात १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाच्या खालीच एक परकं शैवाल उगवलेलं सापडलं. पुढे ते फ्रान्स-इटलीच्या किनाऱ्यांवर पसरलं. टाकीतून बाहेर यायचं ते माणसांच्या हाती यायचं, समुद्रात नाही.

सार्वजनिक टाक्यांबद्दलही बोलायला हवं, कारण हा छंद महाग आहे. चिलरसकट साधी टाकी उभी करायची म्हटलं तरी खर्च लाखाच्या घरात जातो. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडलं तेव्हा चाळीतल्या मुलालाही समुद्राच्या आत डोकावता यायचं. २०१५ मध्ये ते नूतनीकरण होऊन पुन्हा सुरू झालं, मग अलीकडची वर्षं बंद राहिलं. मुंबईसारख्या बंदराच्या शहरात हे सहन करण्यासारखं नाही. रत्नागिरी, मालवण, अलिबागच्या महाविद्यालयांत, ऐरोलीत पैदास झालेले मासे आणि मानवनिर्मित खडक असलेली एकेक नीट टाकी असायला किती खर्च येईल? प्राणिशास्त्राच्या मुलांना फॉर्मॅलिनच्या बरणीत पांढरं पडलेलं समुद्रफूल दाखवून आपण समुद्र शिकवतो.

माझं मागणं दुकानापासून सुरू होतं. बिलावर माशाच्या नावापुढे तो कुठे जन्मला ते लिहिलेलं असावं, हॅचरीत की समुद्रात, आणि ग्राहकाने ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. घरी पैदास करणाऱ्यांची नोंदणी व्हावी. त्यांची पिल्लं त्या नोंदीसह दुकानात पोचावीत, म्हणजे पकडलेल्या माशाला स्पर्धा मिळेल. टाकीत वाढवलेल्या प्रवाळांसाठी, मूळ वसाहतीपासून प्रत्येक कलमापर्यंत नोंद राहील अशी वेगळी तरतूद सरकारने संशोधन संस्थांना बरोबर घेऊन करावी. ती झाली तर परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांत मी असेन. ती होईपर्यंत कठीण प्रवाळ माझ्या टाकीत येणार नाही, कोणी फुकट दिलं तरी नाही.